त्रेचाळीस इंची चित्र

घर घेताना माणूस जमिनीसाठी भांडतो. कार्पेट किती, बिल्टअप किती, बाल्कनी धरली की सोडली, दाराआडचा कोपरा मोजला का, सगळं खोदून खोदून विचारतो. २०१६च्या रेरा कायद्याने तर कार्पेट एरियाची व्याख्याच करून ठेवली आहे. बाहेरच्या भिंतींची जाडी त्यात धरायची नाही, आतल्या भिंतींची मात्र धरायची. म्हणजे आतली भिंत ज्या चार-पाच इंचांवर उभी आहे तेवढ्याचे पैसे आपण रोख मोजतो. भिंतीचं जे अंग आपल्याकडे तोंड करून उभं असतं त्याचे कुणी काही लावत नाही. ते फुकट येतं, आणि फुकट आलेल्या वस्तूची जी कदर व्हायची तीच त्याची होते.

दहा बाय बाराची खोली घ्या. जमीन भरते १२० चौरस फूट. छत साडेनऊ फुटांवर धरलं तर चारी भिंती मिळून होतात ४१८ चौरस फूट, जमिनीच्या जवळजवळ साडेतीन पट. एवढी जहागीर पदरात असूनही चित्र लावायची वेळ आली की घरात जागा सापडत नाही. एका भिंतीला दार, दुसरीला खिडकी, तिसरीला छतापर्यंतचं कपाट. मग टीव्ही, एसी, स्विचबोर्ड, एसीचा स्वतंत्र स्विचबोर्ड, दाराच्या बेलचा पांढरा डबा, पडद्याचा रॉड, किल्ल्यांची पट्टी आणि उघडल्यावर निम्मी भिंत झाकणारा दाराचा पाखा. या सगळ्यांची वजावट करून सोफ्याच्या वर जो चौकोन उरतो त्यासाठी घरात खलबतं सुरू होतात, चित्र केवढं घ्यायचं?

यावर सजावटीच्या जाणकारांकडे तयार उत्तरं आहेत. चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावी. सोफ्याची पाठ आणि फ्रेमची खालची कड यांत सहा ते आठ इंच सोडावेत. मोकळ्या भिंतीवर लावायचं तर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे १४५ सेंटीमीटरवर यावा. उभ्या माणसाचे डोळे साधारण तिथे येतात असं धरून कलादालनांनी हा आकडा रूढ केला. नियम चुकीचे नाहीत. आमचा तीन माणसांचा सोफा साडेसहा फुटांचा. त्याच्या दोन तृतीयांश म्हणजे ५२ इंच. टेप धरून पाहिलं तर खरोखरच ते माप डोळ्याला बरं वाटतं. सोफ्यावर नऊ इंची चित्र एकटं टांगलं तर ते भरल्या पानाच्या कोपऱ्यात वाढलेल्या मिठासारखं दिसतं, हेही खरं.

पण सोफ्याच्या वरचं चित्र बघणार कोण, हा प्रश्न हे जाणकार विचारत नाहीत. सोफ्यावर बसलेल्यांच्या ते पाठीशी. घरातली माणसं सोफ्यावर बसून समोरचा टीव्ही बघतात, म्हणजे त्यांना ते दिसायचं नाही. पाहुण्यांसाठी म्हणावं, तर पाहुण्यांना आपण मानाने सोफ्यावर बसवतो आणि स्वतः समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो. म्हणजे पाहुण्यांना दाखवायला घेतलेलं चित्र पाहुणे असेपर्यंत फक्त यजमान बघत राहतात, पाहुण्यांच्या डोक्यावरून. पाहुण्यांना ते दिसतं निघताना, चपला घालायच्या आधी, मागे वळल्यावर. तेव्हाही ते केवढं आहे हे कुणी विचारत नाही. केवढ्याला पडलं हे विचारतात.

सहा ते आठ इंचांचा नियम ज्याने केला त्याच्या घरी खोबरेल तेल लावणारे नातेवाईक येत नसावेत. आमच्याकडे जेवण झाल्यावर मान मागे टाकून डोळे मिटणारे एक काका आहेत. त्यांच्या डोक्याचा घेर लक्षात घेता बारा इंचांच्या आत काही लावणं शहाणपणाचं नाही.

याउलट आपल्या जुन्या घरांतल्या तसबिरी आठवा. चाळीतली खोली असो की वाड्यातलं माजघर, तसबिरी पार वर, तुळईच्या खाली ओळीने लावलेल्या, आणि माथ्याकडून पुढे झुकलेल्या. खाली दोन खिळ्यांचा टेकू, वर दोरी, की तसबीर खोलीत ओणवी होऊन बघतेय. आजच्या हिशेबाने हे सपशेल चूक. मध्य ५७ इंचांवर नाही, नव्वदच्याही वर. पण त्या घरांत बसणं म्हणजे जमिनीवर बसणं. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे येतात अडीच फुटांवर. त्याने मान वर केली की पुढे झुकलेली तसबीर नेमकी त्याच्याकडे तोंड करून असते, आणि दारातला उजेडही काचेवर चमकत नाही. शिवाय खालची भिंत रोजच्या कामाची. तिला पाठ टेकायची, तिच्याशी वळकट्या रचायच्या, ट्रंका लावायच्या, तिच्या खुंट्यांना सदरे अडकवायचे. पाठीचे आणि डोक्याचे डाग पडत त्याच्या वरपर्यंत माणसांचा ताबा, त्यावर सदऱ्यांचा, आणि त्याच्याही वर देवांचा आणि पूर्वजांचा. हार घालायला स्टूल लागे, पण तो वर्षातून दोनदाच घालायचा असे.

त्या ओळीत लक्ष्मी-सरस्वती हमखास असत, आणि त्या तिथवर आल्या याचंही कारण माप हेच. राजा रविवर्म्यांनी सयाजीराव गायकवाडांसाठी चौदा पौराणिक चित्रं रंगवली, ती राजवाड्याच्या भिंतींसाठी. ती काही गिरगावातल्या खोलीत मावणारी नव्हती. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. त्या छापखान्याने राजवाड्याची भिंत सुरळी करून काखेत मारता येईल एवढी केली. लोकांनी आधी चित्र आणलं, मग फ्रेम केली. खोलीला साजेल का, असा विचार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. देवाला कोण विचारतो की आपण भिंतीच्या दोन तृतीयांश आहात का?

पूर्वजांचं माप मात्र ठरलेलं असे. बारा बाय पंधरा. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून आजोबांचं डोकं वेगळं काढायचं, स्टुडिओवाल्याने त्याला काळा कोट चढवायचा आणि बारा-पंधरात एन्लार्ज करायचं. हा घरातला अलिखित कमाल आकार. याहून मोठं काही लावणं म्हणजे आजोबांचा अधिक्षेप. आमच्या एका परिचितांनी हौसेने तीन फुटी निसर्गचित्र आणलं. त्यांच्या आईने ते नीट न्याहाळलं, "छान आहे" म्हणाल्या, आणि मग हळूच विचारलं, "यांच्यापेक्षा मोठं लावणार?" ते चित्र सध्या बेडरूममध्ये आहे.

मराठी घरात ज्याच्या मापाबद्दल आजवर एकही वाद झालेला नाही अशी भिंतीवरची वस्तू एकच, कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं, तेव्हापासून नव्या घरात पहिला खिळा त्याचा. त्याचं माप सोफ्यावरून ठरत नाही, ते कामावरून ठरलं आहे. गॅसपासून दोन पावलांवरून चतुर्थी दिसली पाहिजे, तारखेच्या चौकोनात दुधाची लिटरं लिहिता आली पाहिजेत आणि पान उलटून मागचा मजकूर उभ्याउभ्या वाचता आला पाहिजे. कुणी कुठून आणि किती वेळ बघायचं हे ठाऊक असलं की आकार आपोआप सापडतो. चित्राच्या बाबतीत आपण नेमकं हेच विचारत नाही. भिंत मोजतो, सोफा मोजतो, आणि बघणारा कुठे बसणार हे मोजायचं राहून जातं.

टीव्हीवाल्यांनी ते बरोबर हेरलं. आपल्या पलंगापासून, सोफ्यापासून स्क्रीन किती लांब आहे हे ते विचारतात आणि त्यावरून इंच सांगतात. ते इंच कर्णाचे असतात, यातच खरी धंद्याची अक्कल. ४३ इंची टीव्ही घेतला असं आपण छाती फुगवून सांगतो, पण तो रुंद असतो साडेसदतीस इंच आणि उंच एकवीस. आता दोन फूट बाय तीन फुटांचं चित्र घ्या. चोवीस बाय छत्तीस. त्याचा कर्ण काढला तर येतो ४३ इंचांच्या किंचित पुढे. क्षेत्रफळात ते ४३ इंची टीव्हीपेक्षा थोडं मोठंच भरतं. पण दुकानात "दोन बाय तीन" ऐकलं की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा मोठं नाही का होणार?" तेच गिऱ्हाईक टीव्हीच्या दुकानात जाऊन ४३ हा लहान पडतो म्हणून ५५ घेऊन येतं. चित्रकारांनी उद्यापासून कर्णावर विक्री सुरू करावी. "त्रेचाळीस इंची सह्याद्री आहे साहेब, पावसाळ्यातला" असं म्हटलं की भिंत आपोआप मोकळी होईल.

फ्रेमवाल्याचा हिशेब आणखी वेगळा. आमच्या कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे योग्य आकार एकच, ज्यात पट्टी वाया जात नाही तो. फ्रेमच्या पट्ट्या नऊ-दहा फुटी लांबीत येतात. चोवीस बाय छत्तीसच्या चित्राचा घेरच झाला दहा फूट. शिवाय चारही कोपरे तिरके कापताना पट्टीच्या रुंदीनुसार आणखी आठेक इंच जातात. म्हणजे दुसरी पट्टी तोडावी लागणार आणि तिचा उरलेला तुकडा बारशाच्या फोटोंची वाट बघत कोपऱ्यात पडून राहणार. त्यापेक्षा वीस बाय तीस करा. घेर शंभर इंच, कापणी धरून एकशे आठ, एका पट्टीत काम खलास. "थोडं बाजूने दाबून घेऊ," असं तो म्हणतो. दाबून घेऊ म्हणजे कापू. चित्रात बाजूला झाड असेल तर झाड जातं.

यावर रागावण्यात अर्थ नाही. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चंही हेच झालं. १७१५ साली ते ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं तेव्हा ठरलेल्या जागेत मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. डावीकडची दोन माणसं त्यात गेली ती गेलीच. उरलेलं चित्रही आज साधारण बारा फूट उंच आणि चौदा फूट रुंद आहे, आमच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीची कुठलीच भिंत त्याला पुरायची नाही. आणि मोनालिसा? ७७ सेंटीमीटर बाय ५३. इंचांत तीस बाय एकवीस. फ्रेमवाल्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. "बसते की एका पट्टीत!"

लूव्ह्र संग्रहालयात मोनालिसा ज्या दालनात आहे त्याच दालनात तिच्या समोर व्हेरोनेझेचं काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी ते केलेलं. तिथे साधू जेवायला बसत आणि समोर भिंतभर जेवणावळ चाललेली असे, म्हणजे बसून, सावकाश, घास घेत बघायचं चित्र. १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेने ते पॅरिसला नेलं. आता हजारो लोक रोज त्या लग्नाच्या पंगतीकडे पाठ करून मोबाइल उंच धरून तीस इंची बाईचा फोटो काढतात. मोठं चित्र लावलं की लोक बघतात, हा समज ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी हे दालन आठवावं.

कोकणात आणि मुंबईत मात्र चित्राच्या मापाला एक असा निकष आहे जो कुठल्याच पुस्तकात सापडायचा नाही, आणि तो म्हणजे ओल. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला जो पिवळसर नकाशा उमटतो, ऑगस्टपर्यंत ज्याचे पोपडे निघतात, तो झाकायला जेवढं लागेल तेवढं चित्र. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे दरवर्षी चित्र बदलतं, कारण डाग वाढतो. हा उपाय करू नये, कारण ओल चित्रालाही चढते. कागद काचेला चिकटतो आणि गणपती येईतो बुरशीचे ठिपके दिसू लागतात. माउंट नावाची जी जाड कोरी चौकट चित्राभोवती बसवतात ती केवळ शोभेची नसते, तिच्यामुळे कागद काचेपासून सुटा राहतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तर भिंत आणि चित्र यांत वारा खेळतो. फ्रेमवाल्याने आपण होऊन ते लावले तर तो भला माणूस समजावा.

माउंटचा आणखी एक फायदा माझ्या विशेष आवडीचा. आठ बाय दहाचं छोटं जलरंगातलं चित्र असेल, तर त्याला चारही बाजूंनी तीन-तीन इंच कोरं सोडलं की ते चौदा बाय सोळा होतं. भिंतीला भरल्यासारखं वाटतं आणि चित्र आहे तेवढंच राहतं, जवळ बोलावणारं. पैशांच्या दृष्टीनेही हा सौदा चांगला, पण घरात पटत नाही. "एवढी जागा कोरीच?" असं विचारतात. ज्या घरात फ्रीजच्या माथ्यावरसुद्धा डबे असतात तिथे कोऱ्या जागेचं समर्थन करणं अवघड आहे.

नव्याने चित्र घेणाऱ्यांना एक युक्ती हमखास सांगतात. हव्या त्या आकाराचं वर्तमानपत्र कापून भिंतीला चिकटवा, दोन-चार दिवस राहू द्या, अंदाज येतो. आम्ही ही युक्ती केली. वर्तमानपत्राचं जोडपान उघडून टेपने सोफ्याच्या वर लावलं. पहिल्या संध्याकाळी सगळे लांबून, एक डोळा मिटून बघत होते. दुसऱ्या दिवशी आई सोफ्यावर गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सारून निधनवार्ता वाचताना सापडली. "हे जोशी आपल्या शनिवार पेठेतले का रे?" मग भाजी घेऊन आलेल्या शेजारीणबाई तिथेच थबकल्या, त्यांना एका कोपऱ्यात वधू-वरांचा रकाना दिसला. कामाला येणाऱ्या मावशींनी केर अर्धवट टाकून खालची सोन्याच्या दुकानाची जाहिरात बघून घेतली. त्या भिंतीसमोर एवढी माणसं एवढा वेळ त्याआधी कधी उभी राहिली नव्हती. चित्राचा अंदाज बाजूलाच राहिला, पण एक कळलं. आमच्या घरात लोक दीड फुटावरून बघतात. सोफ्यावर चढून बघतात. मग दहा फुटांवरून शोभणारं ५२ इंची चित्र घेऊन करायचं काय?

सावंतवाडी संस्थानात, कुडाळजवळच्या पिंगुळीला, हा भिंतीचा प्रश्न कधी आलाच नसावा. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारताच्या कथा चित्रांवरून सांगत. साधारण फूटभर उंच, सव्वा फूट रुंद असे सुटे कागद, एकामागून एक हातात धरायचे, गाऊन कथा सांगायची आणि रात्र सरली की सगळे एकत्र बांधून ठेवायचे. त्या गठ्ठ्याला ते पोथीच म्हणत. चित्र केवढं? हातात पेलेल आणि समोर बसलेल्यांना दिसेल एवढं. दुसऱ्या टोकाला डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या झोपडीत लग्नाचा चौक थेट कुडाच्या भिंतीवर, गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढायचा. तिथे भिंत तेवढं चित्र. फ्रेम नाही, खिळा नाही, लग्न झालं की त्याचं काम झालं. जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं, त्यांना पद्मश्री मिळाली. आता तेच नाचणारे वारली बारा बाय बाराच्या कॅनव्हासवर गोल करून उभे असतात आणि आपण दुकानात विचारतो, यात जरा मोठा साइज नाही का?

आणखी एक अडचण कुणी आधी सांगत नाही, ती लिफ्टची. पाच फुटी चित्र घेणाऱ्याने सोसायटीच्या लिफ्टचा कर्ण आधी मोजावा. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असंच एक भलंमोठं चित्र आलं, लिफ्टमध्ये जाईना, जिन्याच्या वळणावर अडकलं आणि संध्याकाळच्या वेळी वर जाणारे वर, खाली जाणारे खाली असे थांबून राहिले. आमच्या सेक्रेटरींनी त्या दिवशी चित्रकलेबद्दल जे मत दिलं ते सभेच्या इतिवृत्तात नाही. शेवटी चित्र कठड्यावरून उभं करून नेलं. त्या निमित्ताने सगळ्या इमारतीने ते पाहिलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

परवा हिंजवडीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. दोन मित्रांबरोबर भाड्याचा फ्लॅट, पहिल्या पगारातून चित्र घेतलेलं.

"मामा, केवढ्या उंचीवर लावू? इथे लिहिलंय सत्तावन्न इंच."

"तुम्ही बसता कुठे?"

त्याने मोबाइल फिरवला. जमिनीवर दोन गाद्या, मध्ये चार्जरचं जाळं, बाजूला वेफर्सची पाकिटं. सोफा नाही, खुर्ची नाही. मी त्याला जुन्या घरांतल्या तसबिरींचं सांगू लागलो, वर लावायच्या, पुढे झुकवायच्या, टेकू कसा द्यायचा, तेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, ॲग्रीमेंटमध्ये खिळा मारायचा नाही असं आहे. डिपॉझिटमधून कापतो तो."

चित्र सध्या जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवलेलं आहे, मागे राउटर. गादीवर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येतं, असं तो म्हणतो. फरशी पुसायला येणाऱ्या ताई रोज ते उचलून बाजूला ठेवतात आणि पुसून झालं की जिथे हाताला येईल तिथे लावतात, त्यामुळे मंगळवारी ते खिडकीखाली होतं आणि काल चपलांच्या स्टँडशेजारी.